खुराड्याला काय लावावं?

 

आज आपण लाकडी खुराड्याबद्दल बोलणार आहोत. खुराडं कसं बांधावं, हे बऱ्याच जणींना माहीत आहे. गावचा सुतार ते करून देतो. पण सुतार घरी गेला की प्रश्न उभा राहतो, या कोऱ्या लाकडाला लावायचं काय? काही लावलं नाही तर दोन पावसाळ्यांत फळ्या कुजतात, भेगा पडतात, वाळवी लागते. आणि हाताला येईल ते फासलं, तर लाकूड टिकतं पण कोंबड्या आजारी पडतात. कधी त्या आजारी दिसतही नाहीत, पण विष अंड्यात उतरतं. ते अंडं आपल्या घरातलं लेकरू खातं, गरोदर सून खाते. म्हणून हा रंगाचा विषय दिसायला लहान असला, तरी आपल्या ताटापर्यंत येणारा आहे.

आधी एक गोष्ट ध्यानात घ्या. कपाटाचं लाकूड आणि खुराड्याचं लाकूड यात फरक आहे. कपाटाला कोणी चाटत नाही, टोचत नाही. कोंबडी मात्र दिवसभर चोच मारत असते. फळीचा सुटलेला पापुद्रा दिसला की ती तो दाणा समजून गिळते. रात्रभर त्याच दांडीवर बसते, पोटाची उघडी कातडी त्याच लाकडाला घासते. पिल्लं तर भिंतीला चिकटून झोपतात.

दुसरी गोष्ट श्वासाची. पक्ष्याच्या शरीरात फुप्फुसांखेरीज हवेच्या पिशव्या असतात. हवा त्यांच्या अंगात फार भरभर खेळते, म्हणून हवेतलं विषही त्यांना माणसाच्या आधी लागतं. इंग्लंडमधले कोळसा खाणीतले मजूर पिंजऱ्यात कॅनरी नावाचा छोटा पक्षी घेऊन खाणीत उतरत. पक्षी मलूल झाला की विषारी वायू आहे असं समजून माणसं वर पळत. ही पद्धत 1980 नंतरच्या दशकापर्यंत चालू होती. आता आपलं खुराडं पाहा. रात्री कोल्हा, मांजर येऊ नये म्हणून आपण ते चारी बाजूंनी बंद करतो. आत रंगाचा उग्र वास कोंडला असेल, तर आपल्याला नुसतं डोकं दुखेल, पण कोंबडी सकाळी उठणारच नाही.

म्हणून खुराड्याला लावायच्या वस्तूकडून आपल्याला तीन गोष्टी हव्यात. तिनं पाणी अडवावं. तिनं भेगा भरून काढाव्यात, कारण गोचीड भेगांतच दडते. कोंबड्यांची गोचीड दिवसा फटीत लपून बसते आणि रात्री बाहेर येऊन रक्त पिते. म्हणून सकाळी पाहिलं तर काही दिसत नाही, आणि कोंबडी मात्र फिकट पडत जाते, अंडी कमी होतात. आणि तिसरं, त्या वस्तूनं स्वतः विष होऊ नये.

आता काय लावू नये ते आधी सांगते, कारण चूक इथंच होते.

पहिलं म्हणजे जळकं ऑइल. मोटारसायकलच्या, ट्रॅक्टरच्या इंजिनातून काढलेलं काळं तेल. गॅरेजमध्ये ते फुकट किंवा अगदी स्वस्त मिळतं, वाळवीही काही दिवस लांब राहते, म्हणून दाराच्या चौकटींना, गोठ्याच्या खांबांना ते सर्रास लावतात. पण इंजिनात जळताना त्या तेलात धातूंचे बारीक कण आणि जळणातून तयार होणारे घातक पदार्थ उतरतात. त्यातले काही कॅन्सर करणारे आहेत. हे तेल कधी पुरतं वाळत नाही. उन्हाळ्यात आपल्याकडं पारा 45 अंशांपर्यंत जातो, तेव्हा ते पुन्हा पाझरतं. कोंबडीच्या पिसांना लागतं, पिसं साफ करताना तिच्या चोचीत जातं. आणि रोज खुराडं झाडणाऱ्या बाईच्या हातालाही तेच लागतं. डांबराचंही तसंच आहे.

दुसरं, शेतात उरलेलं फवारणीचं औषध. वाळवीसाठी थोडं लाकडावर मारून देऊ, असं म्हणणारे घरोघरी आहेत. मैत्रिणींनो, 2017 साली शेजारच्या यवतमाळ जिल्ह्यात कपाशीवर फवारणी करताना विषबाधा होऊन शेतकरी आणि शेतमजूर दगावले, हे आपण सगळ्यांनी ऐकलं आहे. मोकळ्या रानात, उघड्या हवेत जे औषध धडधाकट माणसाला आडवं करतं, ते तीन फुटांच्या बंद पेटीत दीड किलोच्या जिवाचं काय करेल? ही औषधं पिकासाठी आहेत. लाकडाला किती लावायची, किती दिवसांनी विष उतरतं, हे त्या बाटलीवर लिहिलेलं नसतं.

तिसरं, घरात पडलेला जुना ऑइल पेंटचा डबा. आपल्या देशात घरगुती आणि सजावटीच्या रंगांत शिसं किती असावं याचा नियम 2016 साली झाला आणि 1 नोव्हेंबर 2017 पासून लागू झाला. त्या नियमाप्रमाणे दहा लाख भागांत 90 भागांपेक्षा जास्त शिसं चालत नाही. पण हा नियम घरगुती रंगांपुरता आहे. त्याआधीचा डबा, किंवा ट्रॅक्टर-ट्रॉली आणि यंत्रांसाठीचा रंग, यांत शिसं जास्त असू शकतं. पिवळ्या, केशरी, लाल रंगांत तर त्याचा वापर जास्त होत आला आहे. शिसं कोंबडीच्या पोटात गेलं की ते अंड्यातही उतरतं. अमेरिकेतल्या शहरांत परसात पाळलेल्या कोंबड्यांच्या अंड्यांत असं शिसं सापडलं आहे, आणि तिथं जुन्या रंगाचे कपचे मातीत पडणं हे त्याचं एक कारण होतं. लहान मुलाच्या मेंदूच्या वाढीला शिसं मारक असतं, आणि झालेलं नुकसान भरून येत नाही. अंडं आपण लेकराच्या वाढीसाठी देतो. त्यातून शिसं जाऊ नये एवढी काळजी तर घ्यायलाच हवी.

चौथं, जुनं लाकूड कुठून आणता ते पाहा. रेल्वेचे जुने लाकडी स्लीपर भंगारात स्वस्त मिळतात आणि मजबूतही असतात. पण ते किडू नयेत म्हणून त्यांत डांबराच्या जातीचं तेल दाबून भरलेलं असे. स्लीपर काळा असतो, उन्हात वास मारतो. तो बांधावर कुंपणाला एक वेळ चालेल, खुराड्याला नको. मालाच्या खोक्यांच्या आणि पॅलेटच्या फळ्या घेणार असाल, तर त्यांवर डागलेला शिक्का बघा. इंग्रजी अक्षरांत एच-टी असेल तर ते लाकूड नुसतं तापवून निर्जंतुक केलेलं आहे, ते चालतं. एम-बी असेल तर त्याला विषारी वायूची धुरी दिलेली आहे, ते घेऊ नका. आणि शिक्का काहीही असो, फळीवर कशाचे डाग पडले असतील, वास येत असेल, तर ती सोडून द्या. कारण त्या खोक्यात काय सांडलं होतं ते आपल्याला ठाऊक नसतं.

मग लावायचं काय? याचं उत्तर आपल्या शेतातच आहे. ते म्हणजे जवस.

जवसाची चटणी आपण खातो, जवसाचं तेल आपल्या आज्या जेवणात वापरत. पण या तेलाचा आणखी एक गुण आहे. ते वाळतं. पाण्यासारखं उडून जात नाही, तर हवेतला प्राणवायू घेऊन हळूहळू घट्ट होतं आणि लाकडाच्या आत चामड्यासारखा चिवट थर धरतं. म्हणून तर जगभरचे चित्रकार कित्येक शतकं याच तेलात रंग कालवत आले. आपली पोरं नवी क्रिकेटची बॅट आणली की तिला हेच तेल चोळतात, ते याच कारणासाठी.

आता तुम्ही म्हणाल, मग घरातलं सोयाबीनचं किंवा सरकीचं तेल का नको? आपल्याकडं तर तेच मुबलक. ही तेलं अर्धवट वाळतात. महिना झाला तरी चिकट राहतात, त्यावर धूळ आणि पिसं बसतात. शेंगदाण्याचं, तिळाचं तेल याहून कमी वाळतं, आणि खवट होऊन वास मारतं. निंबोळीचं आणि करंजाचं तेल किड्यांना आवडत नाही, म्हणून फटींत बोळ्यानं थोडं लावायला ते बरं, पण तेही वाळत नाही, पाण्यापासून लाकूड राखत नाही. लाकूड राखायचं काम जवसाचंच.

बाजारात जवसाचं तेल दोन तऱ्हांनी मिळतं, आणि यातला फरक नीट समजून घ्या. एक घाण्यावरचं, खाण्याचं, कच्चं तेल. दुसरं हार्डवेअरच्या दुकानातलं, ज्याला डबल बॉइल्ड म्हणतात. दुकानातलं तेल एक-दोन दिवसांत वाळतं, कारण लवकर वाळावं म्हणून त्यात धातूंचे क्षार घातलेले असतात. हे तेल बाहेरच्या बाजूला, छपराच्या फळ्यांना, पायांना लावायला हरकत नाही. पण आतून, बसायच्या दांडीला, दाण्याच्या गव्हाणीला आणि अंडी घालायच्या खोक्याला घाण्यावरचं कच्चं तेलच वापरा. त्याला वाळायला आठवडा किंवा जास्त लागतो. तेवढी वाट पाहायची. लवकर वाळावं म्हणून घरी चुलीवर तेल उकळत बसू नका. तेल भडकलं तर घर पेटेल. आणि दुकानातल्या तेलाच्या डब्यावर मोठ्या अक्षरांत "खायचं नाही" असं लिहून तो स्वयंपाकघरापासून दूर ठेवा.

तेल भेसळीचं आहे का, हे पाहायची सोपी युक्ती आहे. काचेच्या तुकड्यावर तेलाचा अगदी पातळ हात फिरवा आणि हवेशीर, उजेडाच्या जागी ठेवा. आठ-दहा दिवसांत त्यावर कोरडी साय धरली तर तेल जवसाचं. चिकटच राहिलं तर त्यात दुसरं तेल मिसळलेलं आहे.

हे काम करायला आपल्याकडं होळी ते मे महिन्याचा मध्य हा काळ चांगला. तेव्हा नवा जवस निघालेला असतो, हवा कोरडी असते, लाकूडही आतून वाळलेलं असतं. ओल्या लाकडाला तेल लावलं तर ओल आतच कोंडते आणि बुरशी येते. पावसाळ्यात हे काम काढूच नका.

आता पद्धत सांगते. लाकडाला आधी पॉलिश पेपर मारा. कुसळं काढा, विशेषतः दांडीची, नाहीतर कोंबडीच्या तळव्यात शिरून पाय सुजतो. धूळ कोरड्या फडक्यानं झटका. बारीक फटी असतील तर लाकडाचा भुसा आणि घट्ट सरस कालवून भरा, वाळू द्या, वरून घासून घ्या. मोठी फट असेल तर पट्टीच ठोका. मग तेलाचा डबा तासभर उन्हात ठेवा. कोमट तेल लाकडात खोल उतरतं. थिनर किंवा टर्पेंटाइन मिसळायची गरज नाही, त्यांचा वास मात्र दिवसेंदिवस राहतो.

कुंचल्यानं किंवा सुती फडक्यानं तेल लावा, लाकूड पिईल तेवढं पिऊ द्या. पंधरा-वीस मिनिटांनी कोरडं फडकं घेऊन वर राहिलेलं सगळं तेल पुसून काढा. हे पुसणं सगळ्यात महत्त्वाचं. जास्त तेल म्हणजे जास्त मजबुती असं आपल्याला वाटतं, पण वर साचलेलं तेल चिकट पापुद्रा धरतं आणि महिनोन्‌महिने तसंच राहतं. पहिला हात हाताला कोरडा लागला की दुसरा द्या. बाहेरच्या बाजूला तिसराही द्या. फळ्यांची कापलेली टोकं विसरू नका. लाकूड सगळ्यात जास्त पाणी टोकांतून पितं आणि कुजायलाही तिथूनच लागतं. टोकांना तेल आणखी एकदा द्या. चार फूट लांब, तीन फूट रुंद, तीन फूट उंच अशा खुराड्याला बाहेरून दोन-तीन हात द्यायला साधारण लिटरभर तेल पुरावं. लाकूड फार कोरडं असेल तर थोडं जास्त लागेल.

तुमच्याकडं मधाचं मेण असेल तर बाहेरच्या शेवटच्या हातासाठी चार वाट्या तेलात एक वाटी मेण घाला. मेण थेट आचेवर वितळवू नका. पातेल्यात पाणी तापवा आणि त्यात मेणाचं भांडं ठेवा. वितळलं की तेलात ढवळा, थंड झाल्यावर मलमासारखं होतं. ते घासून लावलं की पावसाचं पाणी थेंब होऊन घरंगळतं.

आता एक धोक्याची गोष्ट सांगते, ती घरातल्या सगळ्यांना सांगा. जवसाचं तेल वाळताना गरम होतं. फळीवर ते पसरलेलं असतं म्हणून उष्णता निघून जाते. पण तेलात भिजलेली फडकी चुरगाळून बोळा करून कोपऱ्यात टाकली, तर उष्णता आत साठत जाते आणि काडी न लावता ती फडकी पेट घेऊ शकतात. ही खरी गोष्ट आहे, जगभर अशा आगी लागल्या आहेत. आपल्याकडं तर घराघरांत कापूस भरलेला असतो. म्हणून काम संपलं की फडकी लगेच पाण्याच्या बादलीत बुडवा, नाहीतर बाहेर तारेवर एकेक करून सुटी पसरा. ती वाळून कडक झाली की मग टाका. कापसाच्या खोलीत, कुटाराजवळ तेलाचं फडकं नेऊ नका.

आतल्या भिंतींसाठी आणखी एक स्वस्त उपाय आहे, तो म्हणजे चुना. चुना जंतू कमी करतो, भेगा भरतो, आणि पांढऱ्या रंगामुळं गोचीड लगेच नजरेला पडते. कळीचा चुना विरवताना फार तापतो आणि उसळतो. म्हणून तो लोखंडी भांड्यात किंवा रांजणात, पोरांपासून दूर, पाण्यात थोडा-थोडा टाकून विरवा. चुन्यावर पाणी ओतू नका. रात्रभर मुरू द्या. दुसऱ्या दिवशी गाळून दुधाइतका पातळ करा, मूठभर मीठ घाला म्हणजे तो धरून राहतो. पातळ दोन हात द्या. डोळ्यांना चष्मा किंवा निदान ओढणी बांधा, हातात मोजे घाला. चुना डोळ्यात गेला तर चोळू नका, भरपूर पाण्यानं बराच वेळ धुवा आणि दवाखान्यात जा.

मात्र तेल लावलेल्या लाकडावर चुना धरत नाही, सोलून निघतो. म्हणून आधीच ठरवा. आतल्या भिंतींना कोऱ्या लाकडावर चुना, आणि बसायच्या दांड्या, गव्हाण, अंड्याचं खोकं यांना तेल. दांड्यांना चुना लावू नका, कोंबडीच्या पायाची कातडी त्यानं फुटते. चुन्याचा हात दरवर्षी दोनदा द्यावा लागतो, एकदा पावसाळ्याआधी आणि एकदा दिवाळीनंतर. चुना स्वस्त आहे, त्यामुळं ते जमतं.

काही जणी लाकडी भिंती शेणानं सारवतात. जमीन सारवणं वेगळं आणि लाकूड सारवणं वेगळं. वाळवी, आपण उधई म्हणतो ती, शेणही खाते. लाकडावर शेणाचा थर म्हणजे तिला घरी आवतण देणं झालं.

बाहेरून रंगच हवा असेल, गटाचं नाव लिहायचं असेल, तर पाण्यात मिसळणारा, बाहेरच्या भिंतींचा रंग घ्या. डब्यावर शिशाच्या प्रमाणाबद्दल काय लिहिलं आहे ते आणि तयार केल्याची तारीख वाचा, पक्कं बिल मागा. चोच पोहोचेल अशा ठिकाणी, म्हणजे दाराच्या कडा, जाळीची चौकट, गव्हाणीची बाजू इथं रंग लावू नका. सुटा मोजून दिलेला, लेबल नसलेला रंग घेऊ नका.

आता वाळवीचं. खरं सांगायचं तर जवसाचं तेल वाळवी थांबवत नाही. वाळवी मातीतून येते, म्हणून तिला मातीपाशीच अडवावं लागतं. खुराडं जमिनीवर टेकवू नका. चार पाय दीड-दोन फुटांचे ठेवा आणि पायांखाली दगड किंवा सिमेंटचे ठोकळे द्या. प्रत्येक पाय पाणी भरलेल्या वाटीत किंवा कापलेल्या डब्यात ठेवला तर मुंग्याही चढत नाहीत. आठवड्यातून एकदा पाणी बदला, नाहीतर डास होतील. खुराडं कुंपणाला किंवा भिंतीला चिकटून नको, चारी बाजूंनी हात फिरेल एवढी जागा ठेवा. पायावर मातीची बारीक नळी चढलेली दिसली की ती खरवडून टाका. उंचीमुळं आणखी एक फायदा होतो. जाळी बारीक, अर्ध्या इंचाच्या आतली असेल आणि खुराडं उंच असेल, तर अंड्या-पिल्लांसाठी येणाऱ्या धामण किंवा नागालाही आत शिरणं अवघड जातं. तरी साप आत दिसलाच तर हात घालू नका, त्याला मारू नका, सर्पमित्राला बोलवा.

लाकूड निवडतानाही थोडा विचार करा. सागवानाचा आतला गर्द भाग टिकाऊ, बाहेरचा पांढरट भाग लवकर किडतो. पायांसाठी बाभूळ भक्कम. कडुनिंबाला कीड कमी लागते. आंब्याच्या फळ्या स्वस्त, पण त्यांना भुंगा लवकर लागतो. प्लायवूड वापरलं तर त्याच्या कडांना तेल जास्त द्या, कारण पाणी कडांतूनच शिरतं आणि थर सुटतात. छपराला पुढं हातभर वळचण ठेवा आणि उतार द्या. पावसाचं पाणी भिंतीवर पडलंच नाही, तर तेलाचं निम्मं काम आधीच झालं.

सगळं लावून झालं. आता कोंबड्या आत कधी सोडायच्या? घाई इथंच होते, कारण पिल्लं येऊन बसलेली असतात आणि खुराडं ओलं असतं. म्हणून आधी खुराडं तयार करा, मग पिल्लांची मागणी द्या. चुन्याला कडक उन्हात दोन-तीन दिवस पुरतात. तेलाला शेवटच्या हातानंतर दोन ते तीन आठवडे द्या, दार-खिडक्या उघड्या ठेवून. मग दोन परीक्षा घ्या. पहिली अंगठ्याची. अंगठा दाबून उचला, चिकटला नाही, ठसा उमटला नाही तर लाकूड कोरडं आहे. दुसरी नाकाची. दुपारी खुराडं पूर्ण बंद करा, तासाभरानं दार उघडून आत डोकं घाला. नाकाला तेलाचा, रंगाचा उग्र वास आला तर अजून आठ दिवस थांबा. दुपारच्या उन्हात वास नाही, तर रात्रीही नाही. दोन्ही परीक्षा पास झाल्या की आत भुसा किंवा साळीचा कोंडा पसरा आणि कोंबड्या सोडा. पहिल्या दोन रात्री झरोके उघडे राहतील याकडं लक्ष द्या.

शेवटी गटासाठी एक सूचना. दहा जणींनी वेगवेगळं तेल आणण्यापेक्षा गटानं मिळून एक डबा आणा. घाण्यावर सगळ्यांचा जवस एकत्र नेला तर तेल स्वस्त पडतं आणि भेसळीची भीती राहत नाही. पॉलिश पेपर, कुंचले, मोजे गटाचे ठेवा. एका खुराड्याचं काम सगळ्यांनी मिळून करा, म्हणजे पद्धत सगळ्यांच्या हाताला बसते. गटाच्या वहीत कोणत्या खुराड्याला कोणत्या तारखेला काय लावलं ते लिहा. पुढच्या वर्षी तेलाचा एक हात द्यायची वेळ आली, की वही बघून कळेल. दरवर्षी पावसाआधी बाहेरून एक पातळ हात दिला, तर चांगलं लाकूड वर्षानुवर्षं चालतं. कर्ज काढून केलेलं खुराडं कर्ज फिटायच्या आधी कुजू नये, एवढंच तर आपल्याला हवं आहे.

तर मैत्रिणींनो, आतून चुना आणि घाण्याचं जवसाचं तेल, बाहेरून जवसाचं तेल किंवा लेबल वाचून घेतलेला रंग, आणि पुरतं वाळल्याशिवाय कोंबडी आत नाही. काही लावायच्या आधी स्वतःला एकच विचारा, याचा कपचा माझ्या कोंबडीनं गिळला तर तिचं अंडं मी माझ्या लेकराला देईन का? उत्तर हो असेल तरच कुंचला उचला.

तुमच्या गटात कोणी वेगळी पद्धत वापरत असेल, तर ती आम्हाला जरूर कळवा, पुढच्या भाषणात तिच्यावर बोलू. येते आता. नमस्कार.